कडीवरचा हात

मिशन शाळा, वाडी (करमाडजवळ)
२० जानेवारी १९५३

तीर्थरूप भागूआत्याबाईंना कडूबाचा प्रभूमध्ये सलाम.

चतुरा आणि बाळ दोघी सुखरूप आहेत. मुलगी दीड महिन्याची झाली. चतुरा म्हणते नाक तुमच्यासारखं आहे. मला अजून तसं दिसत नाही, कारण नाक म्हणावं एवढं ते मोठंच झालेलं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि मग हे लेकरू आलं. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत दारात गर्दी करतात. मीही शिकवता शिकवता कान मागच्या खोलीकडे ठेवतो.

पत्राचं कारण वेगळं आहे. पाळक आप्पासाहेब आले होते. ईस्टरला मुलीचा बाप्तिस्मा करू म्हणाले. चतुरानं पांढरं कापड आणून झबलं बेतलं. मी नको म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

डिसेंबरात जालन्याला तंबूतल्या सभा झाल्या, तिथे मी दोन दिवस गेलो होतो. उपदेशकानं सगळ्यांना विचारलं, "तुमचा नवा जन्म कोणत्या दिवशी झाला? तारीख सांगा." लोक उठून सांगत होते. मला सांगता आली नाही. मी तान्हा असताना माझ्या डोक्यावर पाणी पडलं, पंधराव्या वर्षी मिशनच्या साहेबांनी मंडळीत घेताना डोक्यावर हात ठेवला, विसाव्या वर्षी मास्तर झालो. यात नवा जन्म कुठे आहे? मग ज्याचा स्वतःचा ठिकाणा नाही, त्यानं कोणत्या तोंडानं लेकराला देवाच्या करारात न्यायचं? मुलगी मोठी होऊ दे, तिचा विश्वास ती ठरवेल. यात वाईट काय आहे?

चतुरा तुमचं ऐकते. तिला दोन ओळी लिहा, की घाई नको.

तुमचा
कडूबा


छावणी, औरंगाबाद
२९ जानेवारी १९५३

कडूबा, आत्याचा तुम्हा तिघांना आशीर्वाद.

तू मला चतुराला लिहायला सांगितलंस. मी तुलाच लिहिते.

माझ्या जन्माची तारीख कुणाला ठावी नाय. आई सांगायची, मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढल्या साली, हरभरा सोंगायला आला तवा. मिशनच्या मॅडमनं रजिस्टरात अंदाजानं एक तारीख टाकली. म्हणून मी जन्मले नाय का? बावन्न वर्षं जेवते, चालते, गुडघे दुखले की ओरडते. शास्त्रातला निकदेम नव्या जन्माचं विचारायला रात्रीचा आला तवा प्रभूनं त्याला वाऱ्याचीच गोष्ट सांगितली. वारं येतं, पानं हालतात, कुठून आलं ते कळत नाय. वाऱ्याची तारीख कोण लिहून ठेवतं? तंबूवाल्याचं मन चांगलं असंल, पण तो लोकांना देवाचं काम मोजायला लावतो.

आणि करार म्हणतोस, तर तो केला कुणी? देवानं. अब्राहामाच्या घरी इसहाक आठ दिवसांचा असताना त्याला करारात घेतलं, त्याला कुणी विचारलं नव्हतं. घरात जन्मलेल्या लेकराला आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो का, की मोठी हो, मग दार वाजव, मग आत घ्यायचं का ते बघू?

माझं म्हणशील तर बरं चाललंय. आठवड्यातून दोनदा शहागंजात जाते. तिथल्या आठ-दहा बायांना शिवण आणि मराठी वाचायला शिकवते, शेवटी थोडं शास्त्र वाचते. एक नवी बाई यायला लागली आहे, नजमुन्निसा. भाऊ चांदपाशा, त्याच्या माडीवर राहते. नवरा पिंजारी होता, तो अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शनमधी गेला. तिच्या लेकीला, सगीराला, शाळेत मराठी आलंय, म्हणून हिला शिकायचंय. अब्राहामाचं वाचलं तर म्हणाली, "ये तो हमारे में बी है." लई सुबक काजं करते. तुमच्या करमाडकडचीच आहे म्हणं. तुझ्या ओळखीची आहे का?

चतुराला सांग, झबलं पुरं कर.

भागूआत्या


वाडी
८ मार्च १९५३

आत्याबाई, सलाम.

उत्तराला उशीर झाला. शाळेची तपासणी होती.

तुमचं वाऱ्याचं बोलणं मी दोन-तीनदा वाचलं. तुम्ही म्हणता ते त्या माणसाला लागू पडतं, ज्याच्या झाडाची पानं हालतात. माझा प्रश्न निराळा आहे. समजा एक माणूस आहे. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला. शास्त्र पाठ. रविवारी पाळक नसले तर मंडळीपुढे तोच उपासना चालवतो. आणि एक दिवस तो असं काही करतो, जे देवाचं नावसुद्धा न ऐकलेला माणूस करणार नाही. तर त्याचा नवा जन्म खोटा होता, की होता आणि मेला? खोटा असेल तर तो करारात कधी नव्हताच. मेला असेल तर मेलेलं पुन्हा कोण जन्माला घालतं? पाळकसाहेबांना मी हे विचारू शकत नाही. ते लगेच माझ्या तोंडाकडे बघतील.

प्रभुभोजनाची भाकरी घ्यायला मी काही वर्षं बसत नाही. बाजाची पेटी वाजवायची असते, त्या निमित्तानं बाजूला राहतो. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. चतुराच्या आलं असेल.

झबलं पुरं झालं. पेटीत ठेवलंय.

शहागंजात माझं नाव कुणाजवळ काढू नका, ही विनंती.

कडूबा


छावणी
१३ मार्च १९५३

कडूबा,

तुझी विनंती पोचायच्या आधीच मी नाव काढलं होतं. मागच्या महिन्यातच. नजमुन्निसेला सहज म्हणाले, करमाडच्या पल्याडच्या वाडीवर माझा भाचा मास्तर आहे. तिचा हात थांबला. मग म्हणाली, "हौ. मास्तर अच्छे आदमी थे." आणि सुई पुन्हा चालू. "थे" म्हणाली. मला वाटलं, बोलायची रीत असंल.

आता तुझं पत्र आलं, आणि मी दोन दिवस त्या एका शब्दापाशी बसले आहे.

मी पोलीस नाय. पाळकही नाय. तुझी आई गेली तवा तू चार वर्षांचा होतास, तवापासून तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या हक्कानं विचारते. काय झालं ते लिही. "समजा एक माणूस" असं लिहू नको.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येतं तेवढं देते. मेलेल्याला दुखत नाय, कडूबा. मी मढी धुतली आहेत, मला ठाऊक आहे. गार पाणी ओता, ऊन ओता, ते अंग चोरत नाय. ज्याला आपलं पाप असं सलतं, की भाकरी घ्यायला हात पुढं होत नाय, तो मेलेला नाय. तुझ्यात काहीतरी जितं आहे आणि ते तू घातलेलं नाय. पण याची उशी करून निजू नको. दुखतं म्हणजे जितं आहे, एवढंच. बरं झालं असं नव्हे.

भागूआत्या


वाडी
२२ मार्च १९५३

आत्याबाई,

लिहितो. मुलं घरी गेली आहेत, चतुरा नदीवर गेली आहे.

कमरोद्दीन पिंजारी शाळेला लागून राहायचा. त्याची धनुकली दिवसभर वाजायची, पोरं तिच्या ठेक्यावर पाढे म्हणायची. नजमुन्निसा त्याची बायको, सगीरा त्याची मुलगी. सगीरा माझ्याच शाळेत होती. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकार वाडीवर आले. मास्तर काँग्रेसवाल्यांना चिठ्ठ्या पोचवतो, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. कमरोद्दीन हातातलं काम टाकून माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्यांना म्हणाला, "किताबवाला है, बच्चे पढ़ाता है, मेरा पड़ोसी है. पहले मेरेकू पूछो." ते गेले. तो पुन्हा जाऊन कापूस पिंजायला बसला. मी आभार मानायला गेलो तर म्हणाला, "मास्तर, सगीराचं गणित कच्चं आहे, तेवढं बघा."

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज जालना रोडनं गेली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसं आली. फौज नव्हे, आपल्यासारखीच माणसं. कुऱ्हाडी, काठ्या. रझाकार कधीच पळाले होते. उरला होता कमरोद्दीन. दुपारची वेळ होती. शाळेच्या दारावर मिशनचा लाकडी क्रूस आहे. हे घर सोडा, हे ख्रिस्ती आहेत, असं बाहेर कुणीतरी म्हणालेलं मी ऐकलं. म्हणजे मी सुरक्षित आहे, हे मला ठाऊक होतं. ते ठाऊक असूनच पुढचं झालं.

दार वाजलं. कमरोद्दीनचा आवाज. "मास्तर, खोलो. बच्ची है." मी दाराशी गेलो, कडीवर हात ठेवला. चतुरा मागच्या खोलीत निजलेली होती. तिला तेव्हा दिवस गेले होते. मी कडीवर हात ठेवून उभा राहिलो. त्यानं तीनदा हाक मारली. चौथ्यांदा मारली नाही. मग पायांचा आवाज, मग बाकीचा आवाज.

बायको-मुलगी बाजरीत शिरल्या म्हणून वाचल्या, हे मला नंतर कळलं. तो गल्लीत उलट्या बाजूला धावला, माणसं त्याच्या मागे गेली.

दोन महिन्यांनी चतुराचं मूल पोटातच गेलं. तुम्ही आला होता, तुम्हीच तिला शेकलंत. तुम्ही म्हणालात, देवाची मर्जी. मला वाटलं, बरोबर बोललात.

आता खरं सांगतो. तंबूतल्या उपदेशकाचा यात काही दोष नाही, त्याला मी पुढे केलं. बापाच्या अपराधाचा हिशेब देव मुलांकडे मागतो, हे शास्त्रात आहे. एक मूल गेलं. हिला मी बाप्तिस्म्याला नेली तर पाळक विचारणार, ही कुणाची? मी म्हणणार, माझी. करारात तिचं नाव माझ्या नावाखाली लिहिलं जाणार. आत्याबाई, मला ती तिथे लिहायचीच नाही. ती बाहेर राहू दे. देवाच्या लक्षात न आलेली राहू दे.

कडूबा


वाडी
४ एप्रिल १९५३

सौ. चतुराबाईचा आत्याबाईंना सलाम.

उद्या ईस्टर. यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला काल वाचून दाखवलं. तुम्हाला पाठवलं तेव्हा दाखवलं नव्हतं. नक्कल करून ठेवली होती, मास्तरांची सवय. माझं अक्षर चांगलं नाही, पण बोर्डिंगात चार बुकं शिकले, तेवढ्यावर लिहिते.

मी निजलेली नव्हते.

मी यांच्या शेजारी उभी होते. यांनी कडी वर उचलली होती. मी यांचा हात दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, उघडू नका, माझ्या पोटातल्याची शपथ आहे. यांना ढकलून मी दाराला पाठ लावून उभी राहिले. नजमुन्निसाभाभीनं मला लग्नानंतर पहिली गोधडी भरून दिली होती. तिचा आवाज मी दाराच्या फळीतून पाठीवर ऐकला.

साडेचार वर्षं यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. मूल गेलं तेव्हासुद्धा नाही. मीही बोलले नाही. आम्ही दोघं एका घरात एकमेकांपासून तेच लपवत होतो, जे दोघांनाही ठाऊक होतं. आता तुम्हालाही त्यांनी मला निजवूनच सांगितलं.

त्यांना लेकरू देवापासून लपवायचं आहे. मला उलटं वाटतं. मला ती लवकर त्याच्या हातात द्यायची आहे, कारण आमच्या हातांची मला खात्री नाही. आमच्यात बरोबर कोण, ते तुम्ही सांगा. पण त्यांना एकट्याला पापी म्हणू नका.

चतुरा


छावणी
११ एप्रिल १९५३

कडूबा आणि चतुरा, दोघांनी बसून वाचा.

उत्तर लवकर आलं नाय म्हणून भ्याला असाल. मी रागावले होते. आधी तुमच्यावर, मग माझ्यावर. अ‍ॅक्शननंतर चार वर्षं मी बायांना अभिमानानं सांगत फिरले, की आपल्या मंडळीचे हात स्वच्छ राहिले, आपल्यातल्या कुणी काठी उचलली नाय. छावणीत फौजेच्या सावलीत बसून हात स्वच्छ ठेवणं सोपं होतं. शहागंजात दोन गुरुवार मी शास्त्र उघडलं नाय. नुसती काजं केली.

कडूबा, शास्त्रात शाप तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत सांगितलाय, व्हय. त्याच वाक्यात पुढं हजार पिढ्यांची दया सांगितली आहे. तू मास्तर असून तीन-चारापाशी थांबलास. आणि पोटातलं लेकरू गेलं ते देवाची मर्जी, असं मी म्हणाले होते, ते चुकून म्हणाले. त्या वेळी दुसरं सुचलं नाय. मला ठाऊक नव्हतं ते मी देवाच्या नावावर बोलले. ते मागं घेते. त्याचं तुला चार वर्षं वजन झालं, त्याबद्दल मला माफ कर.

लेकरू लपवायचं म्हणतोस. मोशेच्या आईनं पेटीत घालून लपवलं ते राजापासून. देवापासून नव्हे. देवाच्याच हवाली करायला तिनं पेटी पाण्यात सोडली. चतुरा बरोबर आहे. करार चांगल्या माणसांसाठी असता तर अब्राहामाचंही नाव त्यात बसलं नसतं. त्यानं दासी हागारेला लेकरासकट रानात धाडलं होतं. त्या रानात देव तिच्याकडं गेला, आणि अब्राहामालाही सोडलं नाय.

पण ऐका. ही माफी देवाकडून घेऊन शहागंज टाळता येणार नाय. वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेवून आधी त्याच्याकडं जा, असं आपल्या प्रभूचं सांगणं आहे. भाऊ मातीत आहे. त्याची बायको माझ्यापुढं बसून काजं करते.

परवा मी तुला न विचारताच तिला विचारलं. म्हणाले, मास्तरला यायचंय. तिनं हातातलं काज पुरं केलं, दोरा दातानं तोडला, दुसरं घेतलं. तेही पुरं केलं. मग म्हणाली, "आने दो. बीवी कू बी लाना."

ती माफ करंल असं मी कुठं लिहिलेलं नाय. तिनं केलंच पाहिजे, असंही नाय. ते मनात धरून येऊ नका.

भागूआत्या


वाडी
४ मे १९५३

आत्याबाई, सलाम.

शहागंजात चांदपाशांच्या माडीवर तुम्ही बाळाला घेऊन बाहेर गच्चीवर बसलात, म्हणून आत काय झालं ते तुम्हाला सगळं ठाऊक नाही. त्या दिवशी मला बोलता आलं नाही. आता लिहितो.

मी जे घडलं ते सांगितलं. चतुरानं मला मध्येच थांबवलं आणि आपलं सांगितलं. नजमुन्निसाभाभी भिंतीकडे बघत होत्या. चांदपाशा दारात उभे होते.  मग त्या म्हणाल्या, "मेरेकू मालूम था तुम अंदर हैं. कड़ी बजी थी."

मला आधी कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, आपण मुलांना सांगतो तसं. "कड़ी बजी, तो हम रुके. ये बोले, रुक, मास्तर खोल रहे. नई बजती तो हम सीधा बाजरी में जाते. तीनों."

आत्याबाई, इतकी वर्षं मी समजत होतो की माझं पाप म्हणजे मी कडी काढली नाही. त्या माणसाला दारात थांबवलं ते त्या कडीच्या आवाजानं. माझा अर्धा चांगुलपणा त्याला महाग पडला. चतुरा खाली बसली.  मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "माफी मेरेसे नक्को मांगो. वो मेरे अकेली के देने की चीज नई." आवाजात राग नव्हता. थकवा होता.

मग त्यांनी विचारलं, "उनकू कहां रखे?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. मी तुम्हालाही लिहिलं नाही. मला वाटत होतं, ते लिहिलं तर मी स्वतःची बाजू मांडतोय असं दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सांडू, शाळेमागं राहतो तो, आम्ही दोघांनी त्याला ओढ्याच्या वरच्या अंगाला निंबाखाली पुरलं. तोंड कुणीकडे करायचं ते आम्हाला येत नव्हतं. कमरोद्दीन नमाजाला चिंचेकडे तोंड करून उभा राहायचा, ते मी रोज बघितलेलं होतं. तसंच केलं. म्हणायचं काय, तेही येत नव्हतं. सांडू म्हणाला, मास्तर, तुमचं येतं ते म्हणा. मी म्हटलं नाही. मला तोंड नव्हतं.

हे ऐकून त्या पहिल्यांदा रडल्या. चांदपाशा म्हणाले, "शुक्रवारकू आते."

ते आले. बसमधून तिघं उतरले, भाभी, सगीरा आणि चांदपाशा. सगीरा आता सोळाची झाली आहे, मी ओळखलं नाही. मी पुढे चालत होतो. पारावरची माणसं उठून मागे आली. त्यांच्यातला रामकिसन म्हणाला, "मास्तर, जुनं कशाला उकरता?" त्या दिवशी तोही त्या माणसांत होता की नव्हता, मला माहीत नाही, मी बाहेर बघितलंच नव्हतं. मी म्हणालो, "उकरत नाही. यांचं आहे, यांना दाखवतोय."  पण निम्मी माणसं तिथून परत फिरली.

सांडूनं दगड लावून ठेवले होते, म्हणून जागा सापडली. चांदपाशांनी कबरीपाशी फातिहाची दुआ वाचली. भाभी मातीवर तळहात ठेवून बसल्या. उठताना म्हणाल्या, "इत्ते साल हवा में पढ़ती थी."

परत जाताना शाळेवरून वाट होती. त्या दारासमोर थांबल्या, आत आल्या नाहीत. सगीराला तहान लागली होती. चतुरानं तांब्या आणला. सगीरानं आईकडे बघितलं. आईनं अडवलं नाही. ती प्याली.

एवढंच झालं. आता मी पाळकसाहेबांकडे जाणार आहे. मंडळीपुढे सांगावं की नाही, ते मला कळत नाही.

कडूबा


छावणी
१२ मे १९५३

कडूबा,

सांग. तू त्यांच्यापुढं शास्त्र वाचतोस, म्हणून सांग. कुणाचं नाव घेऊ नको, आपलंच घे. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

नजमुन्निसा तीन खेपा आली नाय. मला वाटलं, गेली. काल आली, नेहमीच्या जागी बसली, म्हणाली आगे पढ़ो. मी काय वाचावं म्हणून पानं चाळत राहिले. ती म्हणाली, "वहीं से, जहां छोड़े थे." म्हणून हागारेपासनं वाचलं. 

बाप्तिस्म्याला मला येता येणार नाय. डॉक्टरीणबाईनं गुडघे बांधून ठेवले आहेत. पत्र पाठव.

आत्या


वाडी
२६ मे १९५३

आत्याबाई,

परवा पेंटेकॉस्टच्या रविवारी बाप्तिस्मा झाला. नाव रूथ ठेवलं, चतुरानं ठरवलं.

आधीचं सांगतो. आप्पासाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "त्या दिवसांत मी शहरातून निघालोच नाही. मला वाडीवर यायला हवं होतं." एवढंच. उपदेशाच्या जागी त्यांनी मला उभं केलं. साठ-सत्तर माणसं होती. मी सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. मंडळीचे एक वडील उठून निघून गेले, ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. मागच्या बाकावरची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आमच्याही दारावर एक आला होता." आणि पदर तोंडावर घेतला. तिच्या शेजारची तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. 

शाळा समितीचं पत्र येईल, असं आप्पासाहेब म्हणतात. मला पैठणकडे टाकतील बहुतेक. आम्ही जाऊ. ओढ्यावरच्या कबरीकडे बघायला सांडू आहे. चांदपाशा दर वर्षी येणार आहेत, तेव्हा मीही येईन. तसं मी त्यांना कळवलं आहे. त्यांनी काही उत्तर दिलेलं नाही.

नव्या जन्माची तारीख मला अजूनही सांगता येणार नाही. मी बरा झालो, असंही वाटत नाही. कमरोद्दीन उठून येत नाही. पण परवा भाकरी समोर आली तेव्हा मी पेटी सोडून उठलो आणि हात पुढे केला. चतुरा शेजारी होती. तीही इतकी वर्षं घेत नव्हती. पेटीमागून मला ते कधी दिसलंच नव्हतं.

बाप्तिस्म्याच्या वेळी रूथ झोपलेली होती. आप्पासाहेबांनी पाण्यात हात बुडवला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "या लेकराला देवापुढे कोण आणतं?" हा प्रश्न बापाला असतो, उत्तर बापानं द्यायचं असतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात चतुरानं लेकराखाली माझ्या हाताला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आम्ही दोघं."

तुमचा
कडूबा